सावलीची बाजू

आई, आज खिडक्यांवरचा चंदेरी कागद काढला.

घर सोडताना काचा होत्या तशा करून द्यायच्या, असं हॉस्पिटलच्या हाउसिंगवाल्यांनी बाबांना सांगितलंय. तो कागद तूच लावला होतास, आपण इथं राहायला आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात. पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद, एकावर एक थर, आणि कडांना वॉर्डातली पांढरी चिकटपट्टी. कागद निघाला, चिकटपट्टी निघेना. मी नखांनी खरवडत होते आणि बाबा पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसून नुसते बघत होते. पहिली काच मोकळी झाली तसं ऊन आत आलं आणि थेट तुझ्या पलंगावर पडलं. या खोलीच्या भिंती पिवळ्या आहेत हे मला आज कळलं. इतकी वर्षं मी त्या पांढऱ्या समजत होते.

इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत तुझ्याबद्दल सांगायचं ते सगळं सांगून झालं. किती वर्षं नोकरी, किती जणांना मदत, किती हसतमुख. माइक माझ्यापर्यंत आला तेव्हा मी तो शेजारी दिला. तुला नवल वाटलं नसतं. नंतर मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिहून दे म्हणाले, त्याला मात्र हो म्हटलं, कारण लिहिताना कुणी तोंडाकडं बघत नाही. मराठीत लिहितेय. शुक्रवारच्या सुट्टीच्या दुपारी माझी पाटी घेऊन तू बसायचीस आणि मी इंग्रजीत कुरकुर करायचे, ते आता या कामी आलं. दुसऱ्या कशाच्या आलं असतं तर बरं झालं असतं.

लोकांनी सांगितलं नाही ते आपल्या इंग्लंडच्या चार दिवसांचं. ते कुणाला माहीतच नाही. बाबांनाही पुरतं माहीत नाही.

तुला आठवतं, आपल्या घरात कायदा एकच होता: सावलीची बाजू. फहाहीलहून बसनं कुवेत शहरात जायचं तर सकाळचं ऊन समुद्रावरून येतं, म्हणजे उजवीकडून. दुपारी परतताना ते वाळवंटाकडून येतं, पण बसचं तोंड फिरलेलं असतं, म्हणून पुन्हा उजवीकडूनच. "जाताना डावी, येताना डावी," असं तू मला पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतंस. खैरानच्या किनाऱ्यावर मंडळाची सहल गेली की बाकीच्या बायका पाण्यात पाय बुडवायच्या आणि तू व्हॅनच्या सावलीत सतरंजी अंथरायचीस. सावली सरकली की सतरंजी सरकायची. संध्याकाळपर्यंत आपण गाडीला अर्धी प्रदक्षिणा घातलेली असायची. जोशीकाका लांबून ओरडायचे, "सिस्टर, तुमच्या सतरंजीत किती वाजले?" आणि तू घड्याळाकडं न बघता बरोबर वेळ सांगायचीस.

या अशा बाईला इंग्लंडच्या बागा बघायच्या होत्या.

ते खूळ मिस डॉसननं लावलं. तुझी पहिली मेट्रन. निवृत्त होऊन ती सॉल्झबरीजवळच्या गावी गेली आणि दर नाताळला तुला बागांचं कॅलेंडर पाठवू लागली. वर्ष संपलं की तू तारखांचा भाग कापून टाकायचीस आणि चित्रं स्वयंपाकघरात चिकटवायचीस. ओट्याच्या वर तळं, फ्रिजवर गुलाबाची कमान, डाळींच्या डब्यांमागं विटांची भिंत आणि तिच्यावर चढलेली निळी फुलं. त्या चित्रांवर फोडणीचे डाग पडले होते. गेल्या वर्षी रजेचे दिवस आले तसं तू जाहीर केलंस की यंदा कराडला जायच्या आधी मी आणि शुभा इंग्लंडला जाऊन येणार.

"कराडला सगळे वाट बघतायत," बाबा म्हणाले. "आणि तू लोकांच्या बागा बघत फिरणार?"

"लोकांच्या बघू नको तर कुणाच्या बघू? आपली आहे कुठं, दाखवा."

बाबांनी बाल्कनीकडं बोट केलं. तिथं दुधाच्या पावडरीच्या डब्यांत तुझा कढीपत्ता आणि मोगरा होता. दर वर्षी आपण सुट्टीवर गेलो की तो वाळून जायचा आणि परत आल्यावर तू पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचीस.

"ती बाग नाही, ते पेशंट आहेत," तू म्हणालीस. बाबा हसले, आणि ठरलं.

लंडनहून आपण टूरच्या कोचमध्ये बसलो ती सकाळ मला पूर्ण आठवते. साडीवर तपकिरी कार्डिगन, पायात मोजे आणि कॅनव्हासचे बूट, खांद्यावर दशम्यांची पिशवी. चढायच्या आधी तू ड्रायव्हरला विचारलंस, सावली कुठल्या बाजूला असेल. त्याला प्रश्नच कळला नाही. त्यानं वर बघितलं. वर ढग होते. मग तू स्वतःच हिशोब केलास: "पश्चिमेला चाललोय, सकाळ आहे, म्हणजे ऊन डावीकडून. शुभे, उजवीकडं बस." मी मान खाली घालून बसले. कोचमध्ये सगळी म्हातारी इंग्रज जोडपी होती आणि ती सगळी डावीकडच्या जागांसाठी धडपडत होती. गाइडबाई दर थोड्या वेळानं माइकवर सांगायच्या, आता तुमच्या डाव्या हाताला अमुक चर्च, आता डाव्या हाताला तमुक सरदाराचा वाडा. जे जुनं आणि सुंदर होतं ते सगळं डाव्या हाताला होतं. आपण इंग्लंड पाहिलं ते पांढऱ्या केसांच्या फटींतून.

पलीकडच्या एका आजीबाईंना आपली दया आली. तुम्हाला बिचाऱ्यांना अंधारी बाजू दिली, म्हणाल्या, थोडा वेळ बदलू या का?

"नो, नो," तू म्हणालीस, "वुई हॅव द बेस्ट सीट्स." आणि मला मराठीत, "बिचारी उन्हात बसलीय आणि वर मलाच विचारतेय."

मी हसले नाही तेव्हा. आज सकाळी चिकटपट्टी खरवडताना हसले. बाबांनी दचकून बघितलं.

बाथला रोमन लोकांचं ते हिरवं पाणी तू कठड्यावरून वाकून पाहिलंस आणि म्हणालीस की यातलं थोडं लॅबला पाठवलं तर रिपोर्ट वाचवणार नाही. त्या अर्धगोल घरांसमोरच्या हिरवळीवर आपण दशमी आणि लसणाची चटणी खाल्ली. नंतर ती मोठी बाग, तळं आणि तळ्याच्या पलीकडं देऊळ, अगदी ओट्यावरच्या चित्रातलं. मला वाटलं तू हरखून जाशील. तू खाली बघत चालत होतीस आणि मधूनच बुटानं गवत दाबून बघत होतीस.

"काय हरवलं?"

"नळी कुठंय?"

"कसली नळी?"

"पाण्याची. कुठून देतात पाणी?"

कुवेतमध्ये रस्त्याकडेच्या एकेका झाडाच्या बुंध्याशी काळी नळी असते, ती काढली तर झाड आठवडाभर टिकत नाही. मी सांगितलं, "कुणी पाणी देत नाही, आई. पाऊस पडतो."

"एवढं सगळं असंच?"

"असंच."

तू बाकावर बसलीस. मग म्हणालीस, "बाई गं." बस एवढंच. आनंद झाला की वाईट वाटलं ते मला तुझ्या चेहऱ्यावरून ठरवता आलं नाही, आणि मला चेहरे वाचता येतात असं मी समजत होते.

सॉल्झबरीच्या त्या उंच कळसाच्या चर्चमध्ये जुन्या सरदारांच्या दगडी मूर्ती थडग्यांवर उताण्या झोपलेल्या होत्या, हात जोडून. गाइडबाई लढायांबद्दल सांगत होत्या. तू एकीच्या पायाशी वाकलीस. तिथं दगडाचा लहान कुत्रा होता आणि सरदाराचे तळवे त्याच्यावर टेकलेले होते. "बघ, पायाला आधार दिलाय," तू माझ्या कानात म्हणालीस. "पडून राहिलेल्या माणसाला आधार नाही दिला तर पाय खाली पडतात. आमच्या नव्या पोरींना शंभरदा सांगावं लागतं." त्या काळोख्या चर्चमध्ये तुला ओळखीचं असं ते एकच सापडलं, आणि तू खूश झालीस.

दुसऱ्या दिवशी आपण टूर सोडून मिस डॉसनकडं गेलो. मला वाटलं होतं भेटायला. दारात ती दिसताच तू ताठ उभी राहिलीस, साठीला टेकलेली बाई शिकाऊ नर्ससारखी. "गुड मॉर्निंग, मेट्रन." ती काठी टेकत आली आणि तुझे दोन्ही गाल हातात धरले.

तिनं मागच्या बागेत खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीला उंच गुलाबी फुलं, मध्ये वाकडं सफरचंदाचं झाड. ढग सरले होते आणि चांगलं ऊन पडलं होतं. तू काय केलंस? सवयीनं आपल्या दोघींच्या खुर्च्या उचलल्यास आणि भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवल्यास. तिथं बोचरी थंडी होती. आपण दोघी कुडकुडत चहाचे कप धरून बसलो आणि मिस डॉसन एकटीच उन्हात, हिरवळीच्या पलीकडं.

"मालती," ती म्हणाली, "तू आता कुवेतमध्ये नाहीस. इकडं ये."

तू क्षणभर माझ्याकडं पाहिलंस. मग उठलीस, खुर्ची घेतलीस आणि तिच्या शेजारी जाऊन बसलीस. पदर सरळ केलास, चेहरा वर केलास आणि डोळे मिटलेस. आई, मी तुझा चेहरा उन्हात कधी पाहिलाच नव्हता. ट्यूबलाइटखाली पाहिला होता. डोळ्यांखाली बारीक तीळ होते. ओठांवर कसली तरी लव होती. तू कुणाचीच वाटत नव्हतीस, माझीही नाही.

"ये ना शुभे," तू डोळे न उघडता म्हणालीस. "छान लागतं."

"नको. मी बरी आहे इथं."

मग मिस डॉसननं विषय काढला आणि मला कळलं की सगळं आधीच ठरलेलं होतं. तिथल्या हॉस्पिटलात नर्सिंगचा कोर्स असतो. तिचा शब्द अजून चालतो. वरच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे, मी तिथं राहावं, तिला सोबत होईल. तू हिरवळीच्या पलीकडून डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं बघत होतीस.

"आय विल थिंक अबाउट इट," मी म्हटलं.

परतीच्या कोचमध्ये तू बाजूचा हिशोब केला नाहीस. रिकामी दिसली ती जागा घेतलीस. ऊन तुझ्या मांडीवर होतं.

"विचार करते म्हणजे काय गं?" तू म्हणालीस. "माणसाला दारात उभं करून ठेवायचं?"

"हे चार दिवस त्याच्यासाठीच होते ना? मला दाखवायला?"

"मग? आवडलं नाही?"

"तुला मला पाठवून द्यायचंय."

"ते सफरचंदाचं झाड पाहिलंस? तिच्या वडिलांनी लावलंय. आपलं असं एक झाड सांग. कराडला तुला धड चार दिवस करमत नाही, तुझ्या चुलत बहिणी तुला कुवेतची मडम म्हणून हसतात. इथं आपण नोकरी आहे तोवर. मी नसले, तुझे बाबा रिटायर झाले, तर तू कुठं राहशील?"

"कुवेतमध्ये."

"आपल्याला ठेवून घेत नाहीत, बाळा."

"मला रक्त बघवत नाही, आई. तुला माहितेय."

"सवय होते."

"आणि सवय नाही झाली तर?"

  लंडनपर्यंत आपण दोन्हीकडची शेतं बघत राहिलो. मी अजूनही म्हणते की तू चुकत होतीस. तिथं पाऊस फुकट पडतो म्हणून कुणाचंही रोप तिथं रुजतं असं नसतं. यावरून मला तुझ्याशी पुन्हा एकदा, आवाज चढवून, भांडायचं होतं. त्यानंतर कराडला माणसांची गर्दी होती, इथं आल्यावर तुझ्या ड्यूट्या होत्या, आणि आपल्याकडं वेळ आहे असं दोघींनाही वाटत होतं.

नाताळला कॅलेंडर आलं नाही. जानेवारीत मिस डॉसनच्या भाचीचं कार्ड आलं. मावशी पडली, घर विकलं, आता ती वृद्धांच्या होममध्ये असते आणि माणसं ओळखत नाही. तू ते कार्ड वाचून चहाच्या डब्यामागं ठेवलंस आणि भात टाकलास. मी ओट्याशी उभी होते. आता विषय संपला, असं मला वाटलं आणि थोडं हलकंही वाटलं. तू मात्र त्या दिवसापासून माझ्याकडं जरा जास्त वेळ बघायला लागलीस. जेवताना, केस विंचरताना. मी म्हणायचे, "काय?" तू म्हणायचीस, "काही नाही."

एक दिवस ड्यूटीवर तू तुझ्याच वॉर्डात कोसळलीस, औषधांच्या ट्रॉलीशेजारी. मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. तुझ्याबरोबरची सिस्टर लीला मला आत घेऊन गेली. तिनं तुझे केस विंचरले होते. चादरीच्या टोकाशी मला उंचवटा दिसला आणि मी चादर थोडी बाजूला केली. तुझ्या तळव्यांना घडी घातलेल्या उशीचा आधार दिला होता. आता त्याची काही गरज नव्हती. केरळची लीला तुला चेची म्हणायची, म्हणजे ताई. ती म्हणाली, "चेची हमको हमेशा बोलती थी ना." मी तिला दगडी सरदाराबद्दल सांगणार होते. मी चादर पुन्हा नीट केली.

इथं आपल्या लोकांना अग्नी देता येत नाही. तुला कराडला न्यायचं ठरलं, विमानानं. माझा पासपोर्ट त्या आठवड्यात निवासाच्या शिक्क्यासाठी कचेरीत गेला होता. बाबांच्या कंपनीचा कागदपत्रं करणारा मंदूब रोज जाऊन यायचा आणि हात पसरून म्हणायचा, "बुकरा." उद्या. शिक्का मारणारे साहेब रजेवर होते. उद्या आला नाही आणि विमान आलं. बाबा तुझ्याबरोबर गेले. मी शेजारच्या कुट्टी बाईंच्या सोफ्यावर बसून राहिले. मी तुला पोचवायला आले नाही, आई. यात माझी चूक नाही हे मला समजतं, आणि त्यानं काहीच होत नाही.

बाबा परत आले. ते मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत पाइपांवरचे काटे वाचण्यात आयुष्य घालवलेले गृहस्थ, त्यांना बोलायची सवय तुझ्यामुळं होती. काही दिवसांनी जेवताना म्हणाले, "घाटावर ऊन फार होतं."

मी भाताचा चमचा खाली ठेवला.

"मे महिना. झाड नाही, काही नाही. लाकडं रचेपर्यंत तिला तशीच ठेवली उघड्यावर. मग मी एकाची छत्री घेतली आणि धरून उभा राहिलो." त्यांनी ताटातला भात चिवडला. "दादा म्हणाला, अरे, आता काय छत्री धरतोस? मी म्हटलं, तिला ऊन चालत नाही."

मला बाबांना सांगायचं होतं की चालत होतं. एकदा चालत होतं. मी पाहिलंय. पण तुझ्यासाठी शेवटचं त्यांना एवढं एकच करता आलं होतं, ते मी त्यांच्याकडून काढून घेतलं नाही.

आता असं आहे. हे घर तुझ्या नोकरीचं होतं, ते परवा सोडायचं. बाबा तिकडं मंगफ भागात कंपनीतल्या माणसांबरोबर एका खोलीत राहणार. तिथं बायकांना राहता येत नाही. शिक्का मारलेला माझा पासपोर्ट तुझ्यानंतर आठ दिवसांनी आला. आता त्याच्यावर मी कराडला जाणार, काकांच्या मधल्या खोलीत. काकू फोनवर म्हणाल्या, "ये गं, तुझंच घर आहे," आणि पाठीमागून कुणीतरी हसलं. पुढं काय ते कुणाला माहीत नाही. मला विचारू नकोस. कढीपत्ता कुट्टी बाईंना दिला. त्याही पुढच्या महिन्यात सुट्टीवर जातायत, म्हणजे तोही वाळणार. ओट्यावरची चित्रं काढताना फाटली, तळं आणि देऊळ दोन तुकडे झाले. मी ठेवली नाहीत.

दुपारी बाबा खोकी घेऊन मंगफला गेले. सगळ्या काचा मोकळ्या झाल्या होत्या. मी एकटी होते, बघायला कुणी नव्हतं, म्हणून खुर्ची घेतली आणि खिडकीतल्या उन्हात ठेवली. तुझ्यासारखा चेहरा वर केला, डोळे मिटले. तू बोलावलंस तेव्हा यायला हवं होतं असं काही मला म्हणायचं नाही. तुला त्या दिवशी ते ऊन कसं लागलं होतं तेवढं फक्त बघायचं होतं. पण हे ते ऊन नाही, आई. हे कातडीवर बसतं आणि उठत नाही. थोड्याच वेळात डोळ्यांसमोर सगळं लाल झालं, डोकं ठणकायला लागलं.

मी उठले, खुर्ची उचलली आणि सवयीनं सावलीच्या बाजूला निघाले. पलंगाची जागा, कपाटाची जागा, दारामागचा कोपरा. सामान गेलं होतं, कागद गेला होता, ऊन भिंतींपर्यंत पोचलं होतं. खुर्ची हातात धरून मी खोलीभर फिरले. ठेवायला जागा सापडली नाही.